नख लावल्याशिवाय माप नाही

सोमवार, सकाळचे आठ. धामणपेठेचा आठवडी बाजार नुकताच उघडला आहे. ज्वारीच्या पहिल्याच दुकानात गिऱ्हाईक बाई रिकामं माप हातात घेते, आत बोटं घालते आणि बुडाला नख घासून बघते. मगच वाणी माप भरतो. बाहेरगावचे लोक हसतात. म्हातारे मापाडी केरबातात्या त्यांना म्हणतात, "हसा. दुसरीकडे नख लावलं की जीव जातो. इथं नख लावलं म्हणून एक घर राहिलं." मग ते हौसाची गोष्ट सांगतात.

शेर-पायलीचा काळ होता म्हणे. हौसा या गावची सून. घरचा बाजार तिच्याच हातात. दर सोमवारी ती मलाप्पा वाण्याकडून ज्वारी आणी, रोजचा वाटा मुठीने काढून ठेवी, स्वतःची भाकरी अर्धी करी. तरी शनिवारी मडक्याचा तळ दिसे. सासू म्हणे, "मडकं माझ्या लेकाचं आणि पोटं तुझ्या माहेरची." आपणच झोपेत उठून खातो की काय, असं हौसाला वाटू लागलं. शेजारच्या पारूला आदल्याच वर्षी दाणे माहेरी पोचवल्याच्या याच आरोपावरून ओढ्यापलीकडच्या वाडीत, माहेरी धाडलं होतं. एका सोमवारी हौसाचंही गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं.

उंबऱ्याकडे बघता बघता तिला आपली पहिली पावलं आठवली. ती आत गेली आणि देव्हाऱ्यातलं घरचं जुनं शेराचं माप घेऊन आली. लग्नाखेरीज ते कधी खाली उतरत नसे.

"आत्याबाई, हे माप ओलांडून मी आत आले. जायचं तर ह्यानंच मोजून जाईन. चला बाजारात."

मलाप्पाने आपला शेर काठोकाठ भरला आणि तिच्या मापात ओतला. वर दोन बोटं रिकामी राहिली. मलाप्पाने आपला शेर उलटा करून दाखवला. "मी कुणाचा दाणा खाल्ला नाही," तो म्हणाला. "माझं माप देवाच्या शेराला जुळवलंय. सगळ्या पेठेचं तसंच."

सगळे भैरोबाच्या देवळात गेले. पेठेचं मूळ माप म्हणून तिथे ठेवलेला देवाचा शेर भरून तिच्या मापात ओतला, तर तोही तेवढाच तोकडा भरला. आता खरं कोण, देव की सून? हौसाने शेरात हात घातला आणि बुडाला नख घासलं.

"देवाला नख लावतेस?" गुरव म्हणाला.

"देवाला न्हाई, बाबा. मापाला."

असं सांगतात की तिचं नख मुळापासून उखडलं, तेव्हा आतून शेंदराचं अख्खं कवच वाटीसारखं निखळून पडलं. पिढ्यान्‌पिढ्या दर अमावास्येला शेराची पूजा होई आणि आतबाहेर शेंदूर चढे. त्याच शेराला वाणी आपली मापं जुळवून घेत. चोर कुणीच नव्हता आणि घरोघरी भाकरी कमी पडत होती.

सासूने गाठोडं स्वतः उचलून घरात नेलं. वाण्यांनी देवासमोर शपथ घेतली, गिऱ्हाइकाचं नख लागल्याशिवाय माप भरायचं नाही.

आजही वाणी रिकामं माप पुढे करतो आणि म्हणतो, "नख लावा, मावशी." आजही ते कवच देवळाच्या कोनाड्यात आहे आणि लोक त्यालाही हळदकुंकू वाहतात.

इथे तात्या थांबतात. मग ऐकणाऱ्यांतली एखादी बाई विचारते, "आणि पारू?"

तात्या ओढ्याकडे बघतात. वाडी इथून दिसते. पारूला परत आणायला कुणी गेलं, असं आजही कुणी सांगत नाही.