थोरलीच्या बाळ्या

त्या राज्यात द्राक्षवेलीचे खोड एकच होते, मांडव एकच होता, आणि प्रत्येक फांदीला वर्षातून दोनदा कापले जात असे. पहिल्या कापणीला खरड छाटणी म्हणत. ती भर उन्हाळ्यात होई आणि तिच्यानंतर फांदीचे केवळ बूड उरे. दुसरीला गोडी छाटणी म्हणत. ती पावसाळा सरल्यावर होई आणि तिच्यानंतर फांद्यांना घड धरीत. ही नावे कोणी ठेवली हे कोणत्याच फांदीला ठाऊक नव्हते. कात्री दोन्ही वेळा तीच असे, हात तोच असे, आणि वेदनेतही म्हणण्यासारखे अंतर नसे.

राज्यात आणखी एक नियम होता. जी फांदी सलग तीन वर्षे घड देणार नाही, ती मोळीवालीच्या भाऱ्यात जाई. घड उतरवून झाले की मोळीवाली खांद्यावर दोरी टाकून मांडवाखाली येई, आणि तिची चूल आजवर कोणी विझलेली पाहिली नव्हती.

मांडवाच्या पूर्वेकडे, कुंपणापासून हातभर अंतरावर, एक फांदी होती. तिला सर्व जण थोरली म्हणत. सात वर्षे तिने असे घड दिले की त्यांच्या भाराने मांडवाच्या तारा खाली आल्या. आठव्या वर्षी उन्हाळ्यात माळ्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही एकाच सकाळी केल्या. थोरलीची अकरा हात लांबी त्याने, जिथून नवा कोंब फुटतो अशा एका डोळ्यापर्यंत खाली आणली. मग तिच्या अगदी शेजारी खोडाला चीर दिली, ओढ्याकाठच्या रानवेलीची एक बोटभर काडी त्या चिरेत बसवली आणि वर ओले फडके गुंडाळले.

वस्तुतः त्या सकाळी सर्वच फांद्या कापल्या गेल्या होत्या. परंतु थोरलीने त्या दोन गोष्टी एकीपुढे एक ठेवून पाहिल्या आणि त्यांचा अर्थ लावला: माझी जागा काढून तिला दिली.

खरड छाटणीनंतर त्या राज्यात फांद्या रडत असत. कापल्या ठिकाणातून दोन दिवस, चार दिवस स्वच्छ पाणी ठिबके, मग जखम कोरडी पडे आणि डोळा फुटे. त्या वर्षी थोरली रडली नाही. तिने जखमेवर स्वतःची साल ओढून घेतली आणि पाणी आतच ठेवले.

"हे वाया घालवायचे नाही," ती म्हणाली. "हे मला पुढे लागणार आहे."

ओढ्याकाठची काडी जगली, आणि सर्व जण तिला ओढ्याची म्हणू लागले. फडके सुटले तेव्हा तिला दोन पाने होती आणि तोंडाला विसावा नव्हता. ज्या घरात आपण आलो आहोत तिथल्या रीतीभाती तिला माहीत नव्हत्या, त्यामुळे ती जे दिसेल त्याबद्दल विचारी, आणि थोरलीला पहिल्याच दिवसापासून जाऊबाई म्हणू लागली.

"अवं जाऊबाई, हितं पाणी आपसूक वर येतंय व्हय? आमच्याकडं वढ्यात मुळ्या सोडाव्या लागायच्या. न्हाईतर दगड चाटायचा."

"येथे सर्वांना मिळते," थोरली म्हणाली. "ज्यांचे आहे त्यांनाही, आणि ज्यांचे नाही त्यांनाही."

"लई चांगलं हाय की मग!" ओढ्याची म्हणाली. टोमणा तिच्या पानावरून दवासारखा घसरून गेला, आणि ही गोष्ट थोरलीने टोमण्याहून अधिक मनावर घेतली.

गोडी छाटणी झाली. नवी फूट आली. चौथ्या पानासमोर प्रत्येक फांदीला एक हिरवी गाठ दिसू लागली, मोहरीएवढी, लव असलेली. ओढ्याची आपल्या गाठीकडे नुसती बघत बसली, त्या गाठीला तिने काहीच केले नाही. थोरलीलाही गाठ आली होती. परंतु थोरलीचे लक्ष दुसरीकडे होते. शेजारणीचा कोवळा देठ आता तिच्या टप्प्यात आला होता. आपल्याजवळ त्याला धरायला काय आहे, याचा तिने शोध घेतला, आणि तिच्या अंगात गाठीइतके लवचिक दुसरे काही नव्हते. तिने ती गाठ ओढली. ती लांबली. आत राखून ठेवलेल्या पाण्यातले थोडे तिने त्या गाठीत सोडले, तशी ती दोऱ्यासारखी सरळ झाली, टोकाला वळली आणि ओढ्याचीच्या देठाभोवती तिचा पहिला वेढा बसला.

"जाऊबाई, तुमची गाठ कुठं चाललीया ही? दुखत न्हाई व्हय ओढताना?"

"ही गाठ नव्हे. हिला बाळी म्हणतात. मोठ्या घरच्या थोरलीच्या कानात असते ती बाळी. ओढ्याकाठी ती कोणी पाहिली असणार?"

ओढ्याचीने खरोखर कधी पाहिली नव्हती. "शोभती बरं का तुम्हाला," ती म्हणाली, आणि गळ्याभोवती वेढा असतानाच तिने घड दिला. घड लहान होता, मणी विरळ होते. पण माळ्याने तो टोपलीत सर्वांच्या वर ठेवला.

थोरलीने त्या वर्षी काही दिले नाही.

उन्हाळ्यात ती पुन्हा कापली गेली. बाळीचा वेढा मात्र शेजारणीच्या देठावर तसाच राहिला, वाळून तारेसारखा कडक. पुन्हा थोरली रडली नाही. दुसऱ्या वर्षी तिने युक्ती बदलली. तिने पाने वाढवली. तळहाताएवढी पाने परातीएवढी झाली. बांधावरून जाणारे थांबून म्हणत, "काय फांदी आहे! ही तर मांडवाची राणी." चौथ्या पानासमोर गाठ येताच तिने ती ओढून बाळी केली, बाळीने पलीकडची तार पकडली, आणि त्या आधाराने आपला सगळा पाला शेजारणीवर आडवा घातला. तीन महिने ओढ्याचीला ऊन दिसले नाही.

"जाऊबाई, तुमची सावली लई दाट झालीया," ती एकदा म्हणाली.

"मोठ्यांच्या सावलीत राहावे लागते, बाई."

"व्हय, ते बी खरंच," ओढ्याची म्हणाली, आणि मांडवाच्या फटीतून येणाऱ्या एका कवडशाकडे तोंड करून तिने तिथेच घड धरला. घड कवडशाएवढाच होता.

थोरलीचे दुसरे वर्षही तसेच गेले. घड उतरवून झाल्यावर मोळीवाली तिच्याखाली उभी राहिली, हाताने तिची जाडी मापली आणि म्हणाली, "पुढच्या साली येते गं, राणीसाहेब." ती चेष्टा होती, पण दोरी खरी होती. त्या दिवसापासून थोरलीच्या मनात एकच विचार पक्का झाला. शेजारीण जगली तर आपण भाऱ्यात जाणार. शेजारणीने आपला वाटा खाल्ला म्हणूनच आपण रिकाम्या राहिलो, आणि ती मेली की सात वर्षांचे सगळे परत येईल. येत्या हंगामात दोघींपैकी एकीलाच राहायचे होते.

तिसऱ्या वर्षी गोडी छाटणीनंतर तिने कुंपणाकडे पाहिले.

कुंपण बोरीचे होते आणि बोरीवर अमरवेल पसरली होती. तिला मूळ नव्हते, पान नव्हते. केवळ पिवळे, चमकदार दोर होते. जिच्यावर ती बसे ते झाड हळूहळू वाळे, आणि तरीही तिचे नाव अमर होते.

"थोरल्या बाई," अमरवेल म्हणाली. ती नेहमी हळू बोले, कारण तिला घाई कधीच नसे. "तीन वर्षे बघते आहे. गळा आवळला, ऊन अडवले. अजून जिवंतच आहे ना ती?"

"तुला काय करायचे आहे?"

"मला काय करायचे! मी पडले बिनमुळाची. मला कोणी उपटू शकत नाही, एवढाच काय तो माझा गुण. पण या बोरीत आता रस उरला नाही, आणि मांडव हातभर लांब. एवढे हातभर अंतर कोणी जोडून दिले, तर तुमच्या त्या जाऊबाईंची विचारपूस मी करीन."

"केवळ तिचीच."

"अहो, तुमच्या अंगावरून जाईन, तेवढाच काय तो त्रास. पाहुण्याने उंबऱ्यावर पाय ठेवला म्हणून उंबरा झिजतो का?"

चौथ्या पानासमोर गाठ आली. या वर्षी ती चांगली मोठी होती. तिच्यावर बारीक कळ्यांचा पुंजका होता आणि सकाळच्या वेळी तिला एक मंद वास येई. थोरलीला तो वास ओळखीचा वाटला. कुठला हे तिला आठवेना, आणि आठवत बसायला तिला सवड नव्हती. तीन उन्हाळ्यांचे न गाळलेले पाणी तिने एकदम त्या गाठीत सोडले. बहुतेक कळ्या झडल्या. गाठ लांबली, ताणली, हातभर अंतर ओलांडून कुंपणावर पोचली आणि बोरीच्या काट्याला तिने घट्ट मिठी मारली.

अमरवेल त्याच दुपारी निघाली. बाळीवरून ती मांडवावर आली, थोरलीच्या अंगावरून पुढे सरकली आणि ओढ्याचीला तिने पायथ्यापासून गुंडाळले. आठ दिवसांत शेजारणीची पाने पिवळी पडली. तिचे चार घड होते. त्यांतले तीन अर्ध्यावर सुकले. थोरली ते एकेक सुकताना पाहत होती आणि तिला जे सुख होत होते ते सात वर्षांच्या घडांनीही कधी दिले नव्हते. तिसरा घड सुकून गळाला त्या सकाळी तिने आपली सर्व पाने उन्हात पसरली.

तेव्हा ओढ्याची क्षीण आवाजात म्हणाली, "जाऊबाई, अवं जाऊबाई! तुमच्या अंगावर काय चढलंय बघा की ते! झटका, झटका लवकर!"

थोरलीने खाली पाहिले. पाहुणी पुढे गेलीच नव्हती, किंवा गेली होती आणि परतली होती. पिवळे दोर बाळीवर जाड झाले होते, फांदीवर त्याहून जाड. अमरवेलीने दोघींनाही चाखले होते आणि निवड केली होती. ओढ्याचीत होता तेवढा रस तिने घडांना वाटून टाकला होता. साठवण केवळ थोरलीत होती.

"तू म्हणाली होतीस की केवळ तिचीच," थोरली म्हणाली.

"म्हणाले होते," अमरवेल म्हणाली, आणि पीत राहिली.

थोरलीला बाळी सोडता आली नाही. तिने खूप ओढली. परंतु बाळीचा वळसा एकदा वाळला की उलगडत नाही, हे तीन वर्षांत तिने शेजारणीच्या गळ्यावर पाहिलेच होते.

घड उतरवण्याचा दिवस आला. ओढ्याचीचा राहिलेला एक घड माळ्याने कापला आणि टोपलीत ठेवला. नंतर तो थोरलीपाशी आला आणि अमरवेल काढू लागला. एकेक दोर त्याने हाताने सोडवला, घाई केली नाही, साल खरवडली नाही. मोळीवाली मागे उभी होती. तिने दोरी खांद्यावरून खाली घेतली.

"माळीदादा, ही तिसऱ्या सालची न्हवं? कशाला बोटं झिजवता? तोडा बुडातनं. माझा भारा एवढ्याचसाठी अडलाय."

"थांब जरा."

"काय थांबायचं? पानंच पानं. तीन सालांत एक घड न्हाई दिला हिनं."

माळी शेजारणीकडे वळला. तिच्या देठावरचा दोन वर्षांपूर्वीचा वाळका वेढा त्याने कात्रीच्या टोकाने सोडवला आणि मोळीवालीच्या तळहातावर ठेवला. मग वरच्या तारेवरचा गेल्या वर्षीचा काढून तोही तिथेच ठेवला.

"हा एक," तो म्हणाला. "आणि हा दुसरा."

"ह्या? बाळ्या हायत की ह्या!"

"चौथ्या पानासमोर आल्या आहेत. तिथे बाळी येत नसते, बाई. तिथे घड येतो. जिरला की त्याची बाळी होते."

मोळीवालीने तळहाताकडे पाहिले. थोरलीने ते शब्द ऐकले. वरच्या पानांतून वारा गेला तरी त्या वेळी तिचे एकही पान हलले नाही.

आता माळी काय करील हे तिला ठाऊक होते, कारण त्याच्या जागी तिने तेच केले असते. कात्री बुडाशी येईल. त्यासाठी ती तयार होती. भाऱ्यात जाणे तिला परवडले असते. परवडत नव्हते ते एवढेच, की हे सर्व शेजारणीसमोर बोलले जात होते आणि शेजारीण हसत नव्हती.

माळी तिसरी बाळी धरून तिच्यामागे कुंपणापर्यंत गेला. बोरीत हात घालून त्याने काट्याभोवतीचा वळसा शोधला. हात बाहेर काढला तेव्हा मनगटावर तीन ओरखडे होते आणि चिमटीत बाळीचे टोक होते. त्या टोकाला, जिथे काटा रुतला होता तिथे, दोन मणी धरले होते. ते हिरवे, कडक आणि वाटाण्याहून लहान होते.

त्याने ते तोडले आणि तोंडात टाकले. आंबटपणाने त्याचे डोळे घट्ट मिटले आणि त्यांतून पाणी आले. मोळीवाली म्हणाली, "थुका, थुका, माळीदादा!"

तो थुंकला नाही.

तिसरी बाळी त्याने तिच्या हातावर ठेवली. "आज एवढे ने," तो म्हणाला. मग थोरलीजवळ येऊन त्याने खोडालगतचा एक डोळा अंगठ्याने चाचपून पाहिला, तो राखला, आणि त्याच्या वर कात्री चालवली.

पाने खाली पडली. थोरली थोड्या वेळात हातभर झाली, मग वीतभर, मग बोटभर, फडक्यात बांधून आणलेल्या एखाद्या परक्या काडीएवढी. या वेळी जखमेवर ओढून घ्यायला तिच्यापाशी साल उरली नव्हती. कापल्या ठिकाणी एक थेंब जमला, कडेला आला, खोडावरून ओघळत शेजारणीच्या जुन्या चिरेपर्यंत गेला आणि तिथे मुरला. आणि त्याच्यामागे दुसरा आला.