डब्यातला श्वास

फार फार मागे एक राज्य होतं. किती मागे ते मला विचारू नका, मला सकाळी चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही. त्या राज्यात गाड्या ओढायला लोखंडी बैल होते.

हे बैल कडबा खात नसत. काळं तेल पीत आणि नाकातून काळा धूर सोडत. राजानं म्हणून एक नियम केला होता. प्रत्येक नवा बैल राजधानीच्या नाक्यावर उभा करायचा. नाकेदार त्याच्या नाकासमोर पांढरं फडकं धरून शंभर आकडे मोजायचा. फडकं पांढरं राहिलं तर बैल चांगला, काळं झालं तर परत.

आणि नवल असं, की एकाही बैलाचं फडकं कधी काळं झालं नाही.

त्याच राज्यात, घाटाच्या पायथ्याशी, वाटीसारखं एक गाव होतं. चहूकडे कडे आणि मधे एकोणपन्नास घरं. गावातल्या एका गाडीवानाचे सात लोखंडी बैल दिवसभर घाट चढत-उतरत. त्यांचा धूर वर जायचाच नाही. पाण्याच्या तळाशी गाळ बसावा, तसा तो गावात बसायचा.

आधी बायकांच्या पापडांवर काळे कण दिसायला लागले. मी असते तर जिरं घातलंय म्हणून खपवले असते. मग चिमण्या गेल्या. आणि एक दिवस कुणीतरी कड्याकडे तोंड करून हाक मारली, तर कड्यानं उत्तरच दिलं नाही. गावातला प्रतिध्वनी गेला होता.

त्या गावात एक शिंग फुंकणारा होता. घाटात धुकं उतरलं की तो पारावर उभा राहायचा आणि घाटाच्या सात वळणांकडे तोंड करून सात हाका द्यायचा. हाक येईल तिकडे दरी, हे वाटसरूंना ठाऊक होतं. हाकेपासून लांब, कड्याला खांदा लावून चालायचं, म्हणजे माणूस घरी पोचायचा.

पण त्याच्या छातीत धूर भरत गेला. सात हाकांच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. एकदा भर दुपारी धुकं उतरलं तेव्हा त्याची तिसरी हाक अर्ध्यात तुटली. तिसऱ्या वळणावर एक बांगडीवाला होता. खाली फक्त त्याच्या बांगड्या सापडल्या.

त्या दिवसापासून शिंगवाला कुणाशी धड बोलेना.

त्याची बायको मात्र बोलकी होती. एकदा तिनं नवऱ्याचं पांढरं धोतर घाटाच्या वाटेवर दोरीला वाळत घातलं. ऊन रणरणत होतं. गाडीवानाचा एक बैल धूर ओकत वर आला आणि धोतर दिसताच एकदम गप्प झाला. नाकातून धूर नाही, पोटातून आवाज नाही. पाण्यात बुडी मारलेल्या पोरासारखा तो श्वास कोंडून धोतरासमोरून गेला. चाकंसुद्धा वाजली नाहीत. वळणाआड गेल्यावर मात्र त्यानं असा उसासा टाकला, की अर्धा घाट काळा झाला.

ती घरी येऊन म्हणाली, "अहो, बैल तुमच्या धोतराला लाजला."

"बैलाला तरी लाज आहे," नवरा खोकत म्हणाला.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या बैलाला तिनं धोतर दाखवलं, तोही गप्प. धोतर पाठीमागे लपवलं, पुन्हा धूर. बैल बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी बैलांना एकच विद्या नीट शिकवली होती. पांढरं दिसलं की श्वास कोंडायचा.

धोतर खांद्यावर टाकून ती थेट दरबारात गेली. दरबार हसला. राजा हसला नाही. त्यानं एक बैल मागवला, धोतर धरायला लावलं, काढायला लावलं आणि मधल्या वेळात राजाचा सोन्याचा मुकुट काळा झाला. मालकांना जबर दंड बसला आणि तो दंड धुरातल्या गावांना मिळाला. घर तिथे एक मोहर. या गावाला एकोणपन्नास मोहरांचा हंडा आला.

हंडा देताना राजा एवढंच म्हणाला, "हे धुराचं सोनं आहे. धुरावरच खर्च करा."

गाव पारावर जमलं.

पाटील म्हणाले, "वेशीवर मोठी कमान बांधू. लांबून दिसली पाहिजे."

"धुरातून कशी दिसायची?" मागून कुणीतरी विचारलं.

तेवढ्यात गावचा कासार उठला. "मी पितळी बैल घडवतो. ते सकाळभर ऊन चरतात आणि मग त्याचीच रवंथ करत घाट चढतात. नाकातून काही येत नाही. सात मोहरांचं सोनं पितळात ओतलं की एक बैल उभा राहतो. हंड्यात बरोबर सात बैल बसतात."

"आणि ते द्यायचे कुणाला?"

"गाडीवानाला. घाट तोच चढतो."

सगळ्या माना गाडीवानाकडे वळल्या. गावात सगळे जिला आत्याबाई म्हणायचे, ती म्हातारी कडाडली, "वा रे वा! यानं आपल्याला काळं फासायचं आणि आपण याला नवे बैल घेऊन द्यायचे? ओवाळायचं पण का?"

गाडीवान खाली बघत म्हणाला, "मलाही पांढरं फडकं दाखवूनच विकले होते, आत्याबाई. धूर मीपण खातोच की."

त्याचं कुणी ऐकलं नाही. सगळे शिंगवालीकडे बघू लागले. चोरी तिनं पकडली होती, तेव्हा शब्द तिचा.

ती म्हणाली, "वाटून टाका. मला यांच्या औषधाला हवीय."

तिला बोल लावू नका. मी असते तर दोन मागितल्या असत्या.

घरटी एक मोहर गेली. शिंगवालीनं आपली मोहर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. वैद्य दुसऱ्या गावाहून आठवड्यानं येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. नवरा ओसरीवर टेकला होता. स्वयंपाकघरात कुणीतरी श्वास घेत होतं.

तिला वाटलं, मांजर असेल. कोपरे बघितले, चुलीमागे बघितलं. मग डब्याला कान लावला आणि झाकण उघडलं. झाकणाला आतून वाफ धरली होती. डब्यातले तांदूळ हळूहळू वर येत होते आणि हळूहळू खाली बसत होते.

तिनं मोहर उपसून काढली. ती कोमट होती. कानाशी धरली, तर आत एखादं लहान मूल घाईघाईनं, घुरघुरत श्वास घेत होतं.

ती धावत आत्याबाईकडे गेली. आत्याबाई आपल्या पेटीवर बसली होती.

"आत्याबाई, तुमच्या घरात काही ऐकू येतं का हो?"

"उंदीर आहेत," आत्याबाई घाईनं म्हणाली. पेटी तिच्यासकट किंचित वर उचलली जात होती आणि किंचित खाली बसत होती.

प्रत्येक घरात तेच. कुणी म्हणालं वारा आहे, कुणी म्हणालं वाळवी. बाहेर पानही हलत नव्हतं. दारं लावलेल्या एकोणपन्नास घरांतून श्वासांचा आवाज येत होता आणि रस्त्यात माणसं एकमेकांची नजर चुकवून खोकत होती.

पाटलांच्या माजघरात ती थबकली. फडताळातून एक श्वास येत होता. लांब ओढ, मग क्षणभर थांबा, मग फूऽ. शिंग ओठांना लावण्याआधी तिचा नवरा घ्यायचा तसा. पंचवीस वर्षं तिनं तो ऐकला होता.

"पाटीलबुवा, ही मोहर मला द्या. माझी तुम्ही घ्या."

"घेऊन जा बाई," पाटील म्हणाले. "कालपासून डोळ्याला डोळा नाही."

तिनं ती मोहर घरी आणून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. तिला वाटलं, आता श्वास आपल्या घरी येईल.

मोहरेनं श्वास आत ओढला. नवऱ्याची छाती थांबली. मोहरेनं श्वास सोडला, तेव्हा कुठे त्याची छाती हलली. आता दोघांत मिळून एकच श्वास होता, आणि तो मोहरेकडे होता.

तिनं किंचाळून मोहर दूर फेकली. बऱ्याच वेळानं नवरा तुटक तुटक बोलला.

"त्यांनी तो... बैलात कोंडला. तू... डब्यात कोंडलास. फरक काय गं?"

राजाचे शब्द तिला आत्ता नीट ऐकू आले.

मग तिनं पदरात मोहर उचलली आणि कासाराच्या भट्टीशी जाऊन, सगळ्यांदेखत त्याच्या ओट्यावर ठेवली. "हा माझ्या नवऱ्याचा श्वास आहे. गाडीवानाच्या बैलासाठी देतेय. वाटून टाका म्हणाले ते माझं चुकलं."

"वेडी का गं तू?" आत्याबाई म्हणाली. "नवऱ्याचा श्वास परक्याच्या बैलाला?"

"गेला त्याच वाटेनं ना आत्याबाई? मग यायचा पण त्याच वाटेनं."

आत्याबाई थोडा वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटली. मग घरी जाऊन आपली मोहर घेऊन आली. "घे रे बाबा कासारा. पेटीवर बसून बसून माझी कंबर गेली." पाटील आले. मग एकेक करून सगळे आले, खाली बघत, मुलगी बघून गेलेल्या पाहुण्यांनी नाही म्हणून कळवल्यासारखे.

कासार एकेक मोहर मुशीत सोडू लागला. प्रत्येक मोहर वितळताना एक उसासा निघायचा, आणि त्याच क्षणी गावात कुठेतरी कुणीतरी खोल श्वास घ्यायचं.

सहा बैलांच्या मोहरा झाल्या. सातव्याच्या मोजताना कासाराचा हात थांबला. "सहाच आहेत. एक कमी आहे."

"पुन्हा मोज," पाटील म्हणाले.

त्यानं पुन्हा मोजल्या. एक कमीच होती. एकोणपन्नास घरांची माणसं आपापल्या पायांकडे बघत उभी होती.

मग सहाच बैल झाले. ते पिवळेधमक बैल उन्हात उभे राहिले तेव्हा गाडीवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, जुने सहा विकू का? पलीकडच्या खोऱ्यात गिऱ्हाईक आहे."

"विका की भावजी," शिंगवाली म्हणाली. "मग तिकडची एखादी बाई धोतर खांद्यावर टाकून तुमच्या दारात येईल. तिला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा."

गाडीवानानं स्वतःच घण उचलला.

पहिल्या बैलाचं पोट फुटलं, तेव्हा भर दुपारी अंधारून आलं. पोटात वर्षानुवर्षं कोंडलेलं सगळं बाहेर पडत होतं. आधी धूर आला. मग खोकल्यांचे आवाज आले, म्हाताऱ्यांचे, पोरांचे. मग चिमण्यांचा चिवचिवाट. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी जवळून, एका माणसाची हाक आली.

"बांगड्याऽऽ..."

शिंगवाल्यानं डोळे मिटून घेतले.

आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कड्यानं उत्तर दिलं. "...ड्याऽऽ."

पुढच्या धुक्यात शिंगवाला पारावर चढला. बायको खाली उभी राहून मोजत होती. एक. दोन. तीन. तिसरी हाक अखंड गेली, तेव्हा तिनं तोंडात पदर कोंबला. चार. पाच. सहा. सातव्या वळणाकडे त्यानं शिंग फिरवलं, छाती फुगवली आणि शिंगातून नुसती हवा आली. एका लोखंडी बैलापुरता धूर अजून गावात होता.

ते सातवं वळण आजही मुकं आहे. धुकं असलं की लोक तिथे गाडीतून उतरतात आणि कड्याला धरून चालतात. कासाराच्या फळीवर उघड्या ताटात उरलेल्या सहा मोहरा आहेत. त्या हळू श्वास घेत सातवीची वाट बघतात.

सातवी कुणाकडे आहे, ते कुणी विचारत नाही. पण गावात एक माणूस आहे, चार पायऱ्या चढला की धापा टाकतो. आपल्या संदुकीत रात्रंदिवस कोण श्वास घेतंय म्हणून तो घाबरून कुलपावर कुलूप घालतो. एकदा उघडून कान लावला असता, तर त्याला कळलं असतं की तो श्वास त्याचाच आहे.

म्हणून सांगते, ज्या जखमेची भरपाई मिळाली ती त्या जखमेवरच लावावी. वाटून घरोघरी कोंडली, तर पैसा उरतो आणि जखमही उरते.