जास्वंद फूल देईना

गच्चीवर एक कुंडी. कुंडीत जास्वंद. रोज फुलायची, लाल लाल!

रोज सकाळी यायचा शिंजीर. बोटाएवढा पक्षी. वाकडी वाकडी चोच. फुलात चोच घालायचा, मध प्यायचा. चुर्र चुर्र!

एका सकाळी शिंजीर आला. भुर्र भुर्र! बघतो तर काय? फूलच नाही. एकसुद्धा नाही!

शिंजीर म्हणाला, "जास्वंदी, जास्वंदी, फूल दे."

जास्वंद म्हणाली, "कुठून देऊ? कुंडी एवढीशी. मातीतला खाऊ संपला. मला खत दे, मग फूल देते."

"मिळवणार! मिळवणारच!" शिंजीर उडाला. भुर्र भुर्र!

कोपऱ्यात होता खताचा डबा.

"डबोबा, डबोबा, खत दे.
जास्वंद फूल देईना,
मला मध मिळेना!"

डबा म्हणाला, "माझ्यात नुसती भाजीची सालं. कच्ची घातलीस तर मुळं भाजतील. गांडूळ सालं खाईल, मग खत देतो."

"मिळवणार! मिळवणारच!"

डब्याच्या तळाशी होतं गांडूळ. वळवळ वळवळ!

"गांडुळा, गांडुळा, सालं खा.
डबा खत देईना,
जास्वंद फूल देईना,
मला मध मिळेना!"

गांडूळ म्हणालं, "शी! सगळं चिकचिक, ओलं ओलं. वाळका पाला टाक, मग खातो."

"मिळवणार! मिळवणारच!" भुर्र भुर्र!

जिन्यापाशी होती इंदूमावशी. कुंडी तिची, डबा तिचा. हातात झारी.

"मावशी, मावशी, पाला टाक.
गांडूळ सालं खाईना,
डबा खत देईना,
जास्वंद फूल देईना,
मला मध मिळेना!"

मावशी म्हणाली, "अगं बाई, केवढी ही चिवचिव! पाला आहे रे, बदामाच्या झाडाखाली ढीगभर. पण आणू कशात? टोपलीत बोका झोपलाय. हात लावला की बोचकारतो. तो उठला, की टाकते हो."

"मिळवणार! मिळवणारच!"

टोपलीत होता बोका. घुर्र घुर्र!

शिंजीर थबकला. बोका केवढा! नखं केवढी! तरी कठड्यावर बसून म्हणाला,

"बोकोबा, बोकोबा, टोपली सोड.
मावशी पाला टाकेना,
गांडूळ सालं खाईना,
डबा खत देईना,
जास्वंद फूल देईना,
मला मध मिळेना!"

बोक्याने एक डोळा उघडला. "इथे ऊब आहे. मी नाही उठत. पळ, नाहीतर तुलाच खाईन!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

शिंजिराने छाती फुगवली. "मिळवणार! मिळवणारच!"

भुर्र! थेट बोक्याच्या कानाशी. टोच!

"म्याँव!" बोका उडाला टुण्णकन. पंजा मारला, सप्प! शिंजीर निसटला, सुर्र! एक पीस गळालं, बस्. बोका मागे लागला. गच्चीभर धावला. दमला, आणि माठाच्या सावलीत जाऊन पडला.

टोपली सुटली!

बोका उठला,
मावशीने पाला टाकला, खसखस!
गांडुळाने सालं खाल्ली, मचमच!

मग?

मग वाट बघायची. शिंजीर इकडे किडा खायचा, तिकडे कोळी खायचा. पण मध तो मध! रोज डब्यापाशी यायचा.

"झालं?"
"अजून नाही."
"झालं?"
"अजून नाही."
"झालं?"
"झालं! वास घे."

खत झालं काळंभोर, भुसभुशीत. वास कसा? छान मातीचा!

मावशीने कुंडीत आधी पाणी घातलं. मग घातलं मूठभर खत.

शिंजीर ओरडला, "अजून! अजून!"

"नको रे राजा. जास्त झालं तर बाधेल तिला."

मावशीने खत खोडाजवळ नाही टाकलं. कडेकडेने पसरलं. मातीत हलकेच मिसळलं.

जास्वंद जेवली. हळूहळू जेवली. आधी आलं कोवळं पान. मग आली कळी. कळी फुगली, फुगली...

आणि एका सकाळी, फट्ट! फूल!

शिंजिराने चोच घातली. चुर्र चुर्र! चुर्र चुर्र! मावशी झारी धरून उभी. हललीसुद्धा नाही.

शिंजिराचं कपाळ परागांनी झालं पिवळं पिवळं.
शिंजिराचं पोट भरलं टम्म!