हरण्याची लस

बापूसाहेबांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्यांची सून सुलक्षणा बारा दिवसांनी युगांडाला निघणार होती. नवरा तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला होता. तिकडे पीतज्वराचं भय, आणि लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यायला हवी. तिने पुण्याला जाऊ का म्हणून विचारलं.

"कशाला?" बापूसाहेब गरजले. "आपल्या घरात रोग शिरत नाही. विमानतळावर कागदच दाखवायचा ना? ओळखीनं आणवतो."

पण मी तर या घराबाहेर चाललेय, असं मनाशी म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी पाहुण्यांपुढे बापूसाहेबांनी आपल्या खिलार बैलाचं कौतुक सुरू केलं. "आमचा हरण्या परराज्यात प्रदर्शनाला निघाला, तेव्हा महिनाभर आधी लस टोचली!"

चहा ठेवता ठेवता सुलक्षणा म्हणाली, "मामंजी, उगाच त्याला सुई टोचलीत. ओळखीनं कागद आणवायचा."

"खुळी का काय तू?" बापूसाहेब उसळले. "कागदानं रोग अडतो होय? लाखमोलाचं जनावर आहे ते!"

"मग सुनेचं मोल काय धरलंत, तेही पाहुण्यांना सांगा."

पाहुण्यांच्या हातातल्या बश्या तशाच राहिल्या. बापूसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला आणि ड्रायव्हरला हाक मारली, "उद्या सकाळी पुण्याला गाडी काढ."

लस टोचताना नर्सने कौतुकानं विचारलं, "वेळेवर आलात. घरी कुणी समजावलं?"

"आमच्या बैलानं," सुलक्षणा म्हणाली.