सात खुळ्यांचं तळं

कुरणवडीला येणारा पाहुणा आधी तळ्याकडे जातो आणि काठाकाठाने फिरताना हमखास बुचकळ्यात पडतो. तळी गोल असतात, चौकोनी असतात. हे आहे सात कोपऱ्यांचं, आणि एकाही कोपऱ्याचं दुसऱ्याशी पटलेलं दिसत नाही. एक अरुंद आणि खोल, एक पसरट, एक तर वळसा घेऊन थेट बाभळीच्या बुडाशी जाऊन थांबलेला. माणदेशात पाण्याचा थेंब म्हणजे जिवाची गोष्ट, आणि आसपासची तळी कोरडी पडली तरी हे सहसा आटत नाही. ते असं वेडंवाकडं का, हे गावात कुणालाही विचारा. चौथीतल्या पोरांना विचारलंत तर अधिक बरं. मोठी माणसं सांगताना थोडी लाजतात.

फार पूर्वी, पंतोजींच्या शाळा होत्या त्या काळात, कुरणवडीत विसाजीपंत नावाचे पंतोजी होते म्हणे. परगावाहून आलेले, एकटे, स्वभावाने भिडस्त. देवीच्या देवळाच्या ओसरीवर पंधरा-वीस पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवीत. गावाने राहायला खोपट आणि वर्षाचं धान्य दिलेलं, त्यात पंत सुखी होते. पण एका वर्षी पाऊस रुसला आणि शेजारच्या माळसोंड गावाने तळ्यावर हक्क सांगितला. तळं बरोबर शिवेवर, आणि कागद कुणाकडेच नाही. परगण्याचे देशमुख निवाड्याला येणार असल्याचा निरोप आला. तळं गेलं असतं तर कुरणवडीला गाव सोडून उठावं लागलं असतं.

सुभानजी पाटील पंतांकडे आले. "पंतोजी, पोराच्या तोंडनं द्येव बोलतो म्हंत्यात. तळ्याचा इतिहास पोरास्नी घटवून द्या. द्येशमुखांम्होरं पोरंच सांगत्याली."

पंतांना इतिहास कुठे ठाऊक? ते दौत-टाक घेऊन गावातल्या सात जुन्या घरी फिरले. कळलं ते असं. शंभर वर्षांपूर्वी लुटारू येत असल्याची आवई उठली. देवीच्या जत्रेत सगळ्या गावाची आमटी ज्यात शिजे, तो तांब्याचा थोरला हंडा सात घरच्या सात कारभाऱ्यांनी घाईघाईने माळावर पुरला. लुटारू काही आले नाहीत. जत्रा तोंडावर आली तेव्हा हंडा काढायला सातही जण माळावर गेले, आणि सात जणांनी सात ठिकाणी बोट दाखवलं. कुणी मागे हटेना. प्रत्येकाने आपली जागा खणायला घेतली आणि दोन उन्हाळे खणली. खड्डे वाढत वाढत एकमेकांना भिडले, हंडा मिळाला नाही, आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यात मिळून पाणी साचलं.

हे सांगताना प्रत्येक घर म्हणे, "आमचा पणजा बराबर हुता. बाकीचं सा जण खुळं." पंत हिशेबाचे पक्के. त्यांनी ओसरीवर बसून मतं मोजली. प्रत्येक पणजाला सहा घरांनी खुळा ठरवलेलं, शहाणा म्हणणारं एकच घर, तेही त्याचंच. तेव्हा सातही खुळे हे सिद्ध झालं, आणि पंतांनी मुलांना तसंच शिकवलं.

मुलं इतकी हसली की पाट्यांवरची धूळ उडाली. महिनोन् महिने ज्यांच्या डोक्यात पाढा शिरत नव्हता, त्यांना हा इतिहास एका दुपारी पाठ झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा खेळच सुरू झाला : सात जण सात कोपऱ्यांवर, हातात काटक्या, आणि "हंडा हितंच हाय!" असा एकच ओरडा. मुली तेव्हा शाळेत बसत नसत, पण पाटलांची नात ठकी ओसरीच्या खांबाला टेकून सगळं ऐकायची, आणि खेळात सर्वांत मोठा आवाज तिचाच असायचा.

तो आवाज सुभानजींच्या कानांवर गेला. "आमचा पणजा खुळा?" पाटील लालबुंद झाले. "अवो, द्येशमुखांम्होरं हसं हुईल गावाचं! देवीनं आमच्या पणजाला सपनात सांगितलं आन् त्यानं येकट्यानं तळं खणलं, आसं शिकवा. न्हाईतर खोपाट रिकामं करा."

पंतांची पाचावर धारण बसली. आठ दिवस त्यांनी छडी घेऊन मुलांकडून ते स्वप्न घोकून घेतलं. मुलं ओठ हलवीत, पण डोळे तळ्याकडे. पंतांना स्वतःची लाज वाटत होती आणि जेवण गोड लागत नव्हतं.

निवाड्याच्या दिवशी देशमुख काठावर लिंबाखाली बसले. माळसोंडच्या मंडळींनी एका सुरात सांगितलं, की सात देवी बहिणी आमच्या गावाला निघाल्या होत्या, तहान लागली म्हणून त्यांनी सात टाचा मारल्या, त्याचेच हे सात कोपरे. ऐकायला गोड आणि सगळ्यांचं एकसारखं. देशमुखांनी मान डोलावली. मग सुभानजींनी आपल्या पणजाचं स्वप्न सांगितलं. ते संपतं न संपतं तोच गुरव उठला, "सपान आमच्या पणजाला पडलं हुतं!" सुतार म्हणाला, आमच्या. बघता बघता बिचाऱ्या देवीला सात घरी स्वप्नात जावं लागलं. देशमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि माळसोंडकर मिशीत हसू लागले.

"पोरं सांगत्याली!" घामाघूम झालेले पाटील म्हणाले.

पोरं उभी राहिली. "देवी सपनात आली..." आणि गाडी तिथेच अडली. पुढचं एकालाही आठवेना.

"आबा, आमास्नी ह्ये येत न्हाई," ठकी मागून म्हणाली. "खरं येतंय. त्ये सांगू का?"

"गप बस!" पाटील गुरकावले. ठकीने पंतांकडे पाहिलं. मग सगळ्याच पोरांनी पंतांकडे पाहिलं.

त्या घडीला विसाजीपंतांना आपलं खोपट आणि धान्याची कणगी डोळ्यांपुढे दिसली, असं सांगतात. पण ही पोरं आपल्या भरवशावर उभी आहेत, हेही दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाळांनो, तुमचा खेळ खेळून दाखवा."

पोरं उधळली. सात जण सात कोपऱ्यांवर गेले, पाटलांच्या कोपऱ्यावर ठकी. "हंडा हितंच हाय!" "हाट्, हितं हाय!" काटक्यांनी माती उडू लागली. सुतारांच्या कोपऱ्यावरचं पोर गडबडीत दोन हात पलीकडे उभं राहिलं, आणि म्हाताऱ्या सुताराला ते सोसेना. तो ताडकन उठला. "आरं तिथं न्हवं! बाभळीच्या बुडाला! माजा पणजा काय आंधळा हुता?" आणि धावत जाऊन स्वतः तिथे उभा राहिला.

गुरव कशाला मागे राहतो? "बाभळीच्या बुडाला म्हनं! तुमच्या पणजाला सकाळी काय जेवला त्ये सांजंला आठवत नव्हतं!" असं ओरडत तोही आपल्या कोपऱ्यावर गेला. पाठोपाठ बाकीचे गेले. शेवटी देवी आणि स्वप्न लिंबाखालीच टाकून, पागोटं सावरत सुभानजी पाटील पळाले. "ठके, हो बाजूला! हंडा हितंच हाय!"

देशमुख पोट धरून हसले. डोळे पुसून त्यांनी माळसोंडकरांना विचारलं, "तुमच्यातल्या कुणाचा कोपरा आहे का?" ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. देशमुख म्हणाले, "खोटं रचणारा आपल्या पणजाला देवमाणूस करतो, खुळा करीत नाही. ज्यांचे खुळे, त्यांचं तळं. माळसोंडच्या गुरांना पाणी मात्र पिऊ द्या." वर दोन अटी घातल्या. हंडा सापडेपर्यंत दरवर्षी सातही घरांनी आपापला कोपरा खणायचा, आणि ही हकिकत पोरांना जशीच्या तशी शिकवायची.

संध्याकाळी पंत गाठोडं बांधत असताना सुभानजी दारात येऊन उभे राहिले.

"गठुडं सोडा, पंतोजी," ते म्हणाले. "आमचा पणजा खुळा हुता, कबूल. पर सातांत जरा कमी खुळा हुता, येवढं तरी शिकवा."

"ते नाही जमायचं, पाटील."

पाटलांनी सुस्कारा सोडला. उद्यापासून ठकी ओसरीवर पोरांबरोबर बसेल, एवढंच सांगून ते गेले, असं म्हणतात.

आजही अक्षय्य तृतीयेच्या सकाळी शाळेची चौथीची मुलं-मुली काठावर ओळीने बसतात. सात घरची वडीलधारी माणसं खोरी-पाट्या घेऊन आपापल्या कोपऱ्यात उतरतात. हंडा अजून सापडलेला नाही. गाळ मात्र दरसाल निघतो, म्हणून पाणी टिकतं. कुणी आपल्या पूर्वजांची बढाई मारू लागला की मुलं चिखल फेकतात. गेल्या खेपेला सरपंचांचा पांढराशुभ्र सदरा त्यातच गेला. खणून झालं की सर्वांत म्हातारा माणूस गुडघाभर चिखलात टोपी काढून मुलांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "पोरांनो, आमचं पणजं सातीच्या सात खुळं हुतं, म्हनून तुमास्नी पाणी हाय."

मुलं "बरोबर" म्हणतात, मगच त्याला वर यायला मिळतं.