पोवळ्याच्या पोटाचा शाप

एका राज्यात माणसं कमी आणि पंगती जास्त होत्या. राजाचं नाव अरिंजय. पण शत्रूंना जिंकण्यापेक्षा पाहुण्यांना वाढण्यातच त्याचा दिवस सरे. बारशाची पंगत, बारशाच्या आदल्या दिवसाची पंगत, पाऊस पडला म्हणून पंगत आणि पडला नाही म्हणूनही पंगत. जो ‘पुरे’ म्हणेल त्याच्या पानात आणखी दोन वाढायचे, अशी तिथली रीत होती.

राजाच्या सिंहासनापाशी एक कुत्रा बसे. रंगाने तांबूस, म्हणून त्याचं नाव पोवळ्या. त्याच्या कुठल्याशा पूर्वजाने विषाच्या ताटावरून एका राजाला उठवलं होतं. तेव्हापासून दरबारात येणाऱ्या प्रत्येकाने, तोंड उघडण्याआधी, राजश्वानाला आपल्या शिदोरीतला एक घास द्यायचा. त्याला मानाचा घास म्हणत. शेतकरी भाकरी देई, हलवाई पेढा देई, कोळी तळलेला मासा देई. फिर्याद मोठी असली की घासही मोठा असे.

पोवळ्याला सांभाळायची भिवरा. ती मुदपाकखान्यात, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरात, कामाला होती. तिला ना नवरा ना मूल. पोवळ्या आठ दिवसांचा असताना त्याची आई मेली, तेव्हा भिवराने कापसाची वात दुधात बुडवून थेंबाथेंबाने त्याला जगवलं होतं. त्यामुळे कुत्रा राजाचा असला तरी जीव तिचा होता, आणि हे राजासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी दरबारात एक बैरागी आला. पोवळ्याने त्याचा घास हुंगला आणि न खाता असा भुंकला, की बैराग्याची दाढी गळून पडली, जटा गळून पडल्या आणि आत काळदंत नावाचा मांत्रिक उभा राहिला. त्याला खजिन्याची वाट शोधायची होती. सगळ्यांसमोर उघडा पडल्यावर त्याने बोट रोखलं.

“कुत्र्या, या राज्यातलं एक अन्न आजपासून तुझा वैरी होईल. कुठलं, ते मी सांगणार नाही. जोवर कुणी त्याला ओळखून नावाने पुकारत नाही, तोवर तुझ्या पोटाला स्वस्थता नाही.”

एवढं बोलून तो धूर होऊन झरोक्यातून निघून गेला.

त्या दिवसापासून पोवळ्याचे हाल सुरू झाले. सकाळी पोट गडगडे, दुपारी उलटी, आणि दरबार ऐन रंगात आला की तो शेपूट पायांत घालून बागेकडे पळे. अंगाला खाज सुटे. पंजे चाटून चाटून त्याने लाल केले. थाळीतल्या जेवणापासून तो तोंड फिरवी, आणि फासळ्या मोजता येऊ लागल्या. सात वैद्य आले. एकाने चूर्ण दिलं, एकाने काढा दिला, एकाने कपाळावर लेप लावला. पोटाचं दुखणं आणि लेप कपाळावर का, हे त्यालाच ठाऊक. आणि औषध देण्याआधी रीतीप्रमाणे प्रत्येकाने आपला मानाचा घास दिलाच.

वर्ष गेलं. एके सकाळी प्रधान शंखनाभ हात जोडून म्हणाला, “महाराज, सिंहासनापाशी आजारी श्वान असणं अशुभ. त्याला वेशीबाहेरच्या रानात सोडावं आणि नवं पिल्लू आणावं. शास्त्र हेच सांगतं.”

राजाने पोवळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “शास्त्र असेल तर इलाज नाही.”

भिवराने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती पुढे झाली. “महाराज, मला उपाय शोधायला जाऊ द्या. मी परत येईपर्यंत त्याला हलवू नका.”

“जा,” राजा म्हणाला. “पण लवकर ये.”

तीन दिवस चालून भिवरा घनदाट अरण्यात पोचली. तिथे एका उंच झाडाच्या ढोलीत म्हातारा धनेश पक्षी राहत होता. धनेशाची मादी अंड्यांवर बसली की स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर तिला फटीतून महिनोन्‌महिने भरवतो. या धनेशाने साठ वर्षं असं भरवलं होतं. कुणाला काय पचतं आणि काय नाही, यातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तो माणसासारखा बोले, पण जरा खेकसून.

“कोण तू?”

“भिवरा. राजाच्या मुदपाकखान्यातली.”

“काय हवं?”

“एका मुक्या जीवाच्या पोटाला स्वस्थता.”

धनेशाने मोठी चोच एका बाजूला कलवली. “तीन कामं आहेत. पहिलं, त्याने जन्मात चाखलं नाही असं धान्य आण. काळ्या डोंगरामागे उंबराई राक्षसीण निळं राळं पिकवते. त्यात धान्याचं सत्त्व आहे आणि मांसाचं बळही आहे. दुसरं, चाळीस दिवस त्या राळ्यावाचून त्याच्या पोटात काही जाऊ देऊ नकोस. पोट शांत झालं की तिसरं काम. एकेका अन्नाला एकटं त्याच्यापुढे बोलाव. जो वैरी असेल तो लपणार नाही.”

“एवढंच?”

“एवढंच म्हणतेस? घरी जाऊन कर, मग सांग.”

भिवरा काळ्या डोंगरामागे गेली. उंबराईच्या ओसरीवर राजपुत्र, व्यापारी आणि दोन ऋषी घोरत पडले होते. उंबराई पाहुण्यांना जेवू घाली, आणि पोट भरल्यावर जो एक घास जास्त खाई तो बारा वर्षं झोपे. त्या ओसरीवरून आजवर कुणी जागा परतला नव्हता.

“ये गं बाई,” उंबराई म्हणाली. “जेवल्यावाचून सोडणार नाही.”

भिवरा जेवली. आमटी झाली, भात झाला, वांग्याचं भरीत झालं. पोट भरलं. तेवढ्यात उंबराईने परातीएवढी पुरणपोळी आणली. वर तुपाची धार.

“पुरे, उंबराई,” भिवरा म्हणाली.

“असं कसं? माझ्या गळ्याची शपथ आहे.”

“पुरे.”

“एवढीशी घे. मला वाईट वाटेल हो.”

आता खरी परीक्षा होती. भिवरा त्याच राज्यातली, आग्रह मोडणं म्हणजे पाप असं मानून वाढलेली. तिचा हात पोळीकडे गेलासुद्धा. पण ओसरीवरचं घोरणं कानी पडलं, फासळ्या निघालेला पोवळ्या डोळ्यांसमोर आला आणि तिने हात मागे घेतला. “वाईट वाटलं तरी चालेल, उंबराई. पुरे.”

राक्षसीण मटकन खाली बसली. “तीनदा पुरे म्हणणारी तू पहिलीच. खरं सांगू? वाढून वाढून माझेही हात दुखतात गं.” तिने निळ्या राळ्याचं, कधी न सरणारं गाठोडं भिवराच्या डोक्यावर ठेवलं आणि दारापर्यंत पोचवायला आली.

भिवरा राजवाड्यात परतली आणि राजाला सगळं सांगितलं. राजाने हुकूम काढला: चाळीस दिवस मानाचा घास बंद. चाळीस दिवसांत गुण आला नाही, तर पोवळ्याची रवानगी रानात.

मग काय विचारता! सगळं राज्य हळहळलं. लोक घास घेऊन येत आणि तसाच परत नेत. भिवरा लाटणं घेऊन पोवळ्याच्या शेजारी बसे. पोवळ्या दोन वेळा निळ्या राळ्याची पेज खाई आणि उरलेला वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांकडे बघत बसे. त्या नजरेने दगडाला पाझर फुटला असता. भिवरा तर दगड नव्हतीच. पण ती बधली नाही.

दहाव्या दिवशी खाज कमी झाली. विसाव्या दिवशी उलट्या थांबल्या. पण पोट काही थाऱ्यावर येईना. रोज सकाळी तोच गडगडाट, रोज बागेकडे तीच धाव. चाळिसावा दिवस उजाडला आणि भिवराचं तोंड उतरलं.

त्या सकाळी धनेश उडत उडत आला आणि मुदपाकखान्याच्या खिडकीत बसला.

“काय दिलंस?”

“राळं. फक्त राळं. लाटणं घेऊन बसले होते.”

“सकाळी उठल्यावर?”

“राळ्याची पेज.”

“पेजेच्या आधी?”

“आधी काही नाही. वाटीभर दूध.”

धनेशाने डोळे मिटले. “दूध?”

“दूध म्हणजे काही खाणं नव्हे,” भिवरा म्हणाली. “उपासाला चालतं ना!”

हसू नका. त्या राज्यातला कडकातला कडक उपासकरी एकादशीला पाण्याचा थेंब मोजून घेई, पण दूध मात्र पेलाभर पिई, आणि त्याचा उपास मोडला असं कुणी म्हणत नसे. भिवराने पोवळ्याला चाळीस दिवसांचा उपास घातला होता आणि तो अगदी नेमाने पाळला होता. उपासाला जे चालतं, ते तिने दिलं होतं.

धनेश पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. “त्याच्या पोटाला एकादशी कळत नाही, बाई.”

भिवरा चुलीपाशी बसली आणि रडली. तिला काळदंताचा राग आला नाही, स्वतःचा आला. पोवळ्याचं पोट बिघडलं की सकाळच्या वाटीखेरीज ती आणखी एक वाटी देई, पोटाला थंडावा म्हणून. जितका तो आजारी, तितकं जास्त दूध. वर्षभर.

पण रडत बसायला वेळ नव्हता. ती तडक दरबारात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “महाराज, चूक माझी आहे. चाळीस दिवस मीच त्याला दूध पाजत होते. शिक्षा मला करा, पण त्याला आणखी चाळीस दिवस द्या.”

राजा सिंहासनावर उगाच सावरून बसला. मग खाकरला.

“भिवरा, रोज संध्याकाळी मी त्याला अनारशाचा तुकडा देतो. सिंहासनाखालून.”

“मी नुसतं तुपाचं बोट चाटवते,” राणी म्हणाली.

सेनापतीने मान खाली घातली. “चकली. मोडकी असेल तरच.”

आता सगळ्यांच्या नजरा प्रधान शंखनाभाकडे वळल्या. तो शास्त्र सांगणारा, अशुभ-अशुभ म्हणणारा. त्याने उपरण्याने घाम टिपला. “कडबोळं,” तो पुटपुटला. “रानात जाणार बिचारा, म्हणून जरा जास्तच देत होतो.”

राजाला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग एवढं हसू आलं की मुकुट तिरका झाला. “चाळीस दिवस दिले,” तो म्हणाला. “भिवरालाही आणि आपल्यालाही.”

या वेळचे चाळीस दिवस खरे होते. राजा संध्याकाळी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसे. राणीने तुपाचं भांडं फडताळात ठेवून किल्ली भिवराकडे दिली. प्रधान तर पोवळ्याजवळून जाताना डोळे मिटून घेई आणि दोनदा खांबावर आपटला. सगळ्यांत कठीण गेलं ते भिवराला. सवयीने ती पहाटे दूध तापवी, पोवळ्या धावत येई, आणि मग भिंतीकडे तोंड करून ते तिला स्वतःच प्यावं लागे. पाठीमागे त्याचं कुईकुई ऐकू येई. असं तीन दिवस झालं, मग तिने दूध तापवणंच सोडलं.

सातव्या दिवशी सकाळी पोट गडगडलं नाही. पंधराव्या दिवशी पोवळ्या बागेत गेला तो खारीमागे. तिसाव्या दिवशी त्याच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या.

मग तिसरं काम. एकेक अन्न एकटंच त्याच्यापुढे आलं, प्रत्येकाला सात दिवस. तांदूळ आला, पोट शांत. गहू आला, शांत. मासा आला, अनारसा आला. राजाचा जीव मुठीत होता, पण अनारसाही निर्दोष ठरला. अन्न उरलं ते एकच. भिवराने चांदीच्या वाटीत दूध ओतलं आणि पुढे ठेवलं. पोवळ्या दोन घोट प्यायला आणि त्याचं पोट असं गडगडलं की भिंतीवरच्या ढाली हलल्या. वाटीतलं उरलेलं दूध काळं पडलं आणि त्यात काळदंताचा चेहरा दिसू लागला.

“नाव घेशील?” तो चेहरा हसला. “ज्यावर याला वाढवलंस, त्यालाच वैरी म्हणशील?”

भिवराने पोवळ्याला जवळ ओढलं. “दूध. याचा वैरी दूध आहे, आणि ते माझ्याच हातचं होतं.”

वाटी उभी चिरली. चेहरा वाफ होऊन गेला, आणि सात डोंगरांपलीकडे काळदंताची विद्या त्याच क्षणी संपली. शाप तुटला. धनेश मात्र खिडकीतून खेकसला, “तुटला म्हणून उद्या पुन्हा वाटी भरू नकोस.” ती तिने पुन्हा कधीच भरली नाही.

राजाने नवी रीत घातली. दरबारात येणाऱ्याने घास द्यायचा नाही. पोवळ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग बोलायचं. फिर्याद मोठी असली की लोक जरा जास्त वेळ कुरवाळत.

एके दुपारी पोवळ्याने जेवण संपवलं, थाळी चाटून लख्ख केली आणि नाकाने ढकलत ढकलत भिवराच्या पायाशी आणली. मग तो भुंकला. एकदा, खणखणीत. भिवरा बघतच राहिली. वर्षभर ती त्याच्या मागे घास घेऊन फिरली होती आणि तो तोंड फिरवत आला होता. आज तो आपण होऊन मागत होता. त्याला दुखत नव्हतं, त्याला भूक होती.

तिने थाळी उचलली, घासली आणि फळीवर पालथी घातली. “संध्याकाळी,” ती म्हणाली.

पोवळ्याने एक सुस्कारा टाकला, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि झोपी गेला. भिवरा कितीतरी वेळ पाय न हलवता, डोळे पुसत, हसत बसून राहिली.

जशी त्याच्या पोटाला स्वस्थता लाभली, तशी ऐकणाऱ्यांना आणि त्यांच्या दाराशी बसणाऱ्या मुक्या जीवांना लाभो.