सावरमाळचं उघडं पेव

तुम्ही कधी पेवात डोकावून पाहिलं आहे का?

नसेल, तर या जरा पुढे. कठडा पक्का आहे, टेकलात तरी चालेल. वरून तोंड केवढंसं दिसतं, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. पण आत रांजणासारखं पोट आहे, आणि त्यात उभं राहून हात पसरले तरी भिंतीला लागत नाहीत. आमच्या नगरकडच्या कोरड्या मुलखात पूर्वी ज्वारी अशीच जमिनीत ठेवत. मुरमाची उंच जागा बघून खणायचं, आतून शेणामातीनं सारवायचं, भिंतींना कडबा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंडावर धोंड ठेवून फटी लिंपून टाकायच्या. आत पाणी जात नाही, उंदीर जात नाही. वर्ष-दोन वर्षं दाणा चांगला राहतो.

आता घरोघर पत्र्याच्या कोठ्या आल्या. सावरमाळची बाकीची पेवं बुजली. हे एकच राहिलं, तेही चर्चच्या दारासमोर. येणारा पाहुणा हमखास विचारतो, अहो, देवाच्या अंगणात हा खड्डा कशाला? लेकरंबाळं पडतील, बुजवून का टाकत नाही? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते. मी हे माझ्या आत्याकडून ऐकलं, आणि तिनं तिच्या सासूकडून.

तेव्हा इथं चर्च नव्हतं. शाळेची एक झोपडी होती आणि रविवारी तिच्यातच प्रार्थना व्हायची. ख्रिस्ती झालेली घरं थोडी, सगळी गरीब. ही जागा गेनाजी नावाच्या शेतकऱ्याची. त्याची बायको ठकूबाई. घरात गेनाजीची आई, साळूबाई. मूलबाळ नव्हतं. पेव गेनाजीनं स्वतः खणलं होतं, पण वस्तीतल्या सगळ्यांची ज्वारी त्यातच असायची. खायची तीच आणि पेरायची तीच.

बंद पेवातली हवा मरते, म्हणे, आणि तीत माणूस गुदमरतो. पेव उघडलं की त्या दिवशी आत कुणी उतरायचं नाही, ते तसंच उघडं ठेवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेनाजीला तर ठाऊक होतंच.

एका श्रावणात घरांतली ज्वारी संपली, म्हणून सकाळी पेव उघडलं. उद्या उतरायचं ठरलं. दुपारी ठकूबाईच्या दारात एक म्हातारा आणि त्याची बायको येऊन बसली. म्हातारी सलाम करून म्हणाली, "आई, दोन दिस झालं, पोटात काही नाही." घरात मूठभर पीठसुद्धा नव्हतं. शेजारीही नव्हतं. ठकूबाई मोठ्या मनाची बाई. परमेश्वरानं घर दिलं ते दारात आलेल्याला उपाशी पाठवायला नाही, असं ती नेहमी म्हणायची. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तू तवा ठेव," गेनाजी हसून म्हणाला. "दम धरून उतरतो. तवा तापायच्या आत पाटी वर."

तिनंच त्याच्या हातात पाटी दिली.

तवा लाल झाला, तरी पाटी वर आली नाही. मग आरडाओरडा झाला. नाकातोंडाला ओलं फडकं बांधून माणसांनी कसंबसं त्याला दोरानं वर ओढलं. त्या परक्या म्हाताऱ्यानंही दोराला हात लावला, असं सांगतात. पण गेनाजी गेलेला होता. त्या गोंधळात ते म्हातारा-म्हातारी न जेवताच निघून गेले.

गेनाजीला माळावर पुरलं. घरी आल्यावर ठकूबाईनं त्याच्यासोबत वर आलेल्या पाटीतली ज्वारी परत पेवात ओतली आणि चार माणसांना सांगून धोंड होती तशी बसवली. फटी तिनं स्वतः लिंपल्या. म्हणाली, "ज्यानं माझ्या माणसाला खाल्लं, त्यातला दाणा कुणाच्या पोटात जायचा नाही."

मास्तर भेटायला आले. शाळा तेच घेत, प्रार्थनाही तेच चालवत. ठकूबाई त्यांना म्हणाली, "मास्तर, तुमचं पुस्तक म्हणतं, भुकेल्याला जेवू घाला. आम्ही तेच करायला निघालो होतो. मग?"

मास्तरांना उत्तर आलं नाही. येतं आहे असं त्यांनी दाखवलंही नाही. म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव अजून आदरानं घेतात.

त्या दिवसापासून ठकूबाई प्रार्थनेला गेली नाही. रविवारी बाकीचे झोपडीत जमत आणि ती धोंडेपाशी बसून राही.

त्या वर्षी ऋतूच रुसले, म्हणे. श्रावण कोरडा गेला. थोडी बाजरी हाती लागली ती दसऱ्यापर्यंत पुरली. उत्तरा गेली, हस्त गेला, रब्बीची पेर झालीच नाही. माणसं खडी फोडायला गेली, ते कामही संपलं. नाताळला झोपडीत दिवा लागला, पण कुणाच्या घरी गोड झालं नाही. आणि जमिनीखाली, चार हातांवर, सगळ्या वस्तीची ज्वारी होती.

तुम्ही म्हणाल, मग उघडायचं होतं की! पण ज्या पेवानं माणूस घेतला, ते त्या घरच्या शब्दाशिवाय उघडत नसत. एकदा चार-दोन कर्ते पुरुष विचारायला गेले. ठकूबाई धोंडेवर आडवी झाली. "मला बाजूला सारा आणि उतरा," म्हणाली. पुरुष मान खाली घालून परतले. तिच्या दुःखापुढे भूक बोलून दाखवायची त्यांना लाज वाटली.

पेवाच्या कडेला एक लिंब होता, कडुलिंब. माघात त्याची पानं गळायला लागली. ठकूबाई रोज सकाळी उठून धोंडेवरची पिवळी पानं झाडायची, कबरीवरची झाडतात तशी. फाल्गुनात झाड पार उघडं पडलं. आड आटला होता. बाया कोसभरावरून गढूळ पाणी आणत होत्या. ठकूबाईला त्या झाडाचा आधार वाटायचा, असं आत्या सांगायची. ते तिच्यासारखंच झालं होतं ना!

मग एके सकाळी ती झाडायला गेली, तर झाडायला काही नव्हतं. तिनं वर पाहिलं. फांद्यांच्या टोकांना तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी आली होती. उन्हानं जमीन तडकली होती, आभाळात ढगाचा कपटा नव्हता, आणि हे झाड नवं लुगडं नेसल्यासारखं उभं!

तिला राग आला. खरंच राग आला, म्हणे. ती तणतणत सासूकडे गेली. साळूबाई ओसरीवर बसून वाळलेला पाला निवडत होती, रात्री शिजवायला.

"आत्याबाई, पाऊस नाही, आडाला पाणी नाही. मग ह्याला हे सोंग कशाचं सुचलं? पितो कुठून हा?"

"खालून पितो," साळूबाई मान वर न करता म्हणाली. "दरसाल चैतात पितो. तू आत्ता बघितलंस."

"सगळं जग मरायला टेकलंय आणि ह्याला पालवी."

"मग काय तुझ्यासंगं सुतक पाळू दे त्याला?" म्हातारीनं पाला खाली ठेवला. "आठ महिने झालं, तू त्या धोंडेला कवटाळून बसलीस. मी एक शब्द बोलले न्हाई. तुझा नवरा गेला गं बाई. माझं काय कुत्रं मेलं का?"

ठकूबाई तिच्यापाशी खाली बसली. ही गेनाजीची आई आहे, तिनंही पोटचा गोळा मातीत ठेवला आहे, हे त्या आठ महिन्यांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. साळूबाई पुन्हा पाला निवडायला लागली. थोड्या वेळानं ठकूबाईनंही सुपात हात घातला.

पण धोंड तशीच राहिली. मन असं एका दिवसात वळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फक्त आता ती रोज सकाळी वर बघायची. तांबूस पानं पोपटी झाली. मग पांढरा बारीक मोहोर आला आणि त्याचा वास झोपडीपर्यंत जायला लागला. कुणीही पाण्याचा थेंब न घालता झाड हे सगळं करत होतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वस्ती जमली आणि ठरलं, की सण झाला की सोमवारी सकाळी सगळ्यांनी गंगथडीला निघायचं. तिकडे नदीकाठी काही काम मिळेल. मास्तरही जाणार होते, कारण पोरंच नसतील तर शाळा कुणाची? अशी उठून गेलेली वस्ती सहसा परत येत नाही. आमच्या शेजारच्या दोन वाड्या तशाच गेल्या. आज त्यांची नावंसुद्धा कुणाला सांगता येत नाहीत.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, उजाडता उजाडता झोपडीत प्रार्थना सुरू झाली. ठकूबाई नेहमीसारखी बाहेर, लिंबाखाली. कुडाच्या भिंतीतून मास्तरांचा आवाज येत होता. ते शुभवर्तमानातली ती गोष्ट वाचत होते. तिघी बाया मोठ्या पहाटे सुगंधी मसाले घेऊन प्रभूच्या कबरेकडे निघाल्या आहेत, आणि वाटेत एकमेकींना विचारताहेत, की तोंडावरची एवढी मोठी धोंड आपल्यासाठी लोटणार कोण?

ठकूबाईनं हे आधी कितीदा तरी ऐकलं असेल. पण त्या दिवशी तिला वाटलं, ह्या बायांना उत्तर माहीत नव्हतं. तरी त्या निघाल्या. उत्तर मिळाल्यावर निघू असं म्हणत त्या घरी बसल्या नाहीत.

ती उठली. खुरप्यानं फटींची माती उकरली, आणि धोंडेला खांदा लावला.

धोंड हलली नाही. चार पुरुषांनी बसवलेली ती. ठकूबाईच्या अंगात आधीच त्राण नव्हतं. तिनं पुन्हा जोर लावला, आणि तिच्या तोंडून हुंकार निघाला तो आत ऐकू गेला. मास्तर वाचता वाचता थांबले. साळूबाई काठी टेकत बाहेर आली. तिनं सुनेकडे पाहिलं, काठी टाकली आणि पदर खोचला.

"सरक तिकडं. एकटीच्यानं होण्यासारखं असतं, तर त्या तिघी कशाला गेल्या असत्या?"

मग वस्तीतल्या बाकीच्या बाया आल्या. पुरुष पुढे व्हायला लागले, तर साळूबाई म्हणाली, "तुम्ही ऱ्हावा. आमचं आम्ही बघतो." बायांनी मिळून रेटा दिला आणि धोंड बाजूला झाली. आतून कोंदट वास आला. लेकरं तोंडाशी गर्दी करायला लागली.

खरी परीक्षा त्यानंतर होती, असं आत्या म्हणायची. ज्वारी समोर, पोटं रिकामी, आणि दिवसभर थांबायचं. ठकूबाई तोंडाशी बसून राहिली आणि म्हणाली, "आज कुणी उतरायचं न्हाई." दुपारी शेजारचा एक जण लेकराला कडेवर घेऊन आला. लेकरू रडायचंही थांबलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, मी दम धरून उतरतो. पटकन येतो."

तिनं त्याच्या थोबाडीत दिली. मोठा बाप्या माणूस, पण दिली. मग त्याच्या कडेवरचं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं आणि रडायला लागली. गेनाजी गेल्यापासून तिला पहिल्यांदा रडताना लोकांनी पाहिलं, ते तेव्हा.

डोळे पुसून तिनं लिंबाच्या मोहोरलेल्या फांद्या तोडल्या, त्यांची जुडी दोराला बांधली आणि पेवात सोडून वरखाली करायला लागली, मेलेली हवा हलावी म्हणून. ती दमली की दुसरी, मग तिसरी. दिवस मावळेपर्यंत बाया ते करत राहिल्या. संध्याकाळी ठकूबाईनं हात जोडले. मनात काय म्हणाली ते कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही त्यात आमचं काही घालत नाही.

आजही सावरमाळला ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत हे पेव बंद असतं. सुगी झाली की प्रत्येक घर त्यात शेरभर ज्वारी ओततं. ईस्टरच्या पहाटे धोंड लोटतात त्या बायाच, सासवा आणि सुना मिळून. त्या दिवशी कुणी उतरत नाही. लिंबाच्या फांद्या दिवसभर आत फिरत असतात, आज तुम्ही पाहताय तशा. सोमवारी त्या ज्वारीच्या भाकरी होतात आणि पहिली भाकरी परक्याला वाढायची, मग घरच्यांना. म्हणून तर तुम्हाला उद्या थांबा म्हणाले. तो जुना लिंब कधीच पडला, हा त्याच्याच मुळातून आलेला. ठकूबाईनं पुढे ही जागा चर्चला दिली. पेव तेवढं बुजवू नका म्हणाली.

ती पहिली रात्र बायांनी पेवाभोवतीच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा जिवंत झाली का ते बघायला त्यांनी दोराला बांधून दिवा खाली सोडला, आणि तो तळाशी जळत राहिला. ठकूबाई पाटी घेऊन उतरली. ज्वारी चांगली निघाली. त्या दिवशी वस्ती सोडून कुणी गेलं नाही.